धनगर गावला का?

मी भूगोल शिकवतो आणि मला रस्ते सापडत नाहीत. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या विषयाचा बराच हात आहे. रहिमतपूरच्या हायस्कुलात बदली होऊन आलो, त्या दिवशी भाड्याने ठरवलेली खोली शोधत मी एका ताडपत्रीच्या दुकानात पत्ता विचारला. थोड्या वेळाने फिरून पुन्हा तिथेच उगवलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा शिलाई मशीनमागचा उंच, काटकुळा माणूस मान वर न करता म्हणाला, "आवं गुर्जी, तुमी इचारताय खरं, पर ऐकायच्या आत निगून जाताय. खोली हितंच हाय. वर. जिना मागनं."

हे माझे घरमालक. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या ताडपत्र्या, ट्रकची हुडं आणि अलीकडे धरणांच्या काठाने उगवलेल्या कॅम्पवाल्यांचे तंबू, असा त्यांचा शिवणकामाचा धंदा. गळ्यात टेप, कानामागे खडू, उजव्या तळहाताला दाभण रेटायची चामड्याची पट्टी. ही पट्टी ते जेवताना आणि नमाजाच्या वेळीच काढत. समोर कोणीही आला की त्यांची नजर आधी त्याचं माप घेई. बायकोची ओळख करून दिली, तर मोठ्या आदराने हात जोडून म्हणाले, "या वैनी, बसा. पाच फूट एक." बायकोने लग्नाच्या आधीपासून सगळ्या जगाला पाच-तीन सांगितलेलं होतं. बावीस वर्षांचा संसार झाल्यावर मला ते तिथे, त्या दुकानात कळलं.

प्रत्येक बोलण्याच्या शेवटी त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे, "टाका बसला का?" म्हणजे समजलं का. जेवण झालं का, याच्यासाठीही तेच. झोप लागली का, तब्येत कशी आहे, पोरीचं गणित सुटलं का, सगळ्याला तेच. मी एकदा वर्गात पृथ्वीचं परिवलन शिकवून झाल्यावर अनवधानाने "टाका बसला का?" विचारलं, आणि साठ पोरांनी एका सुरात "बसला" म्हटलं. इतका एकमुखी होकार मला आयुष्यात दुसऱ्या कुठल्या प्रश्नाला मिळालेला नाही.

चाचा खोटं बोलत नसत. गिऱ्हाईकाला सरळ सांगत, "ही दोन पावसाळं काढंल. तिसऱ्याला माझं नाव घ्यायचं न्हाई." मात्र विचारलं नाही ते सांगायचीही त्यांना सवय नव्हती. या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत ते मोठ्या आरामात राहत.

आणि त्या जागेत त्यांचा कुत्रा राहायचा.

जतच्या बाजूला एका धनगराला त्यांनी पावसाची मोठी ताडपत्री शिवून दिली होती. धनगराने खूश होऊन कारवानी जातीचं एक पिल्लू त्यांच्या टेम्पोत ठेवलं. लांब पाय, लांब तोंड, पोट पाठीला लागलेलं. चाचांनी त्याचं नाव ठेवलं दोरा. टेम्पो दारात उभा राहिला तेव्हा चाची उंबऱ्यावर आल्या, पिल्लाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "राखनीला ठेवा. दुकानाम्होरं बांधा. पर ज्या दिवशी ह्ये माज्या घरात आलं, त्या दिवशी धनगराकडं परत. शब्द द्या." चाचांनी शब्द दिला. चाचीची अट काही जगावेगळी नव्हती. त्यांच्या घरात कुत्र्याची लाळ कपड्याला लागली तर तो कपडा धुतल्याशिवाय नमाजाला चालत नसे. चाचांनाही ते मान्य होतं. त्यांनी दोऱ्यासाठी एक वेगळा सदरा-पायजमा शिवला आणि दुकानातल्या खिळ्याला टांगला.

पण कुत्र्याचं दुःख त्यांना बघवेना. दिवसभर ते मशीनवर आणि दोरा समोर साखळीला. संध्याकाळी ते घरात आणि दोरा बाहेर. मग त्यांनी विचार केला, कुत्र्याला घरात येता येत नाही, पण मला घराबाहेर जायला कोणी अडवलंय? पदरचं कापड घालून त्यांनी दोन तंबू शिवले, एक स्वतःला, एक दोऱ्याला. दोऱ्याच्या तंबूला जाळीची खिडकी होती. स्वतःच्या तंबूला नव्हती.

"शुक्कीरवार अल्लाचा, शनवार दोऱ्याचा, बाकीचं वार ट्रॅक्टरवाल्यांचं," असं त्यांचं पंचांग होतं. शनिवारी दुपारी दुकान बंद, टेम्पोत दोन तंबू, मागे कान उडवत दोरा, आणि स्वारी कुठल्या तरी धरणाच्या पाण्याकडे. चाचीने लगेच दुसरा मुद्दा काढला. "तुमी ज्यात निजता आन नमाज पडता, त्ये घरच की. कापडाचं असलं म्हनून काय झालं?" चाचांनी यावर तीन दिवस विचार केला आणि मान्य केलं. तेव्हापासून ते आपल्या तंबूभोवती जमिनीवर पांढरी सुती दोरी गोल अंथरू लागले. दोऱ्याला एवढंच सांगत, "हद्द." तो दोरीला नाक टेकवून बाहेर बसे. दोरी खुंटीला बांधलेली नसे, ताणलेली नसे, नुसती पडलेली असे. सरडा आला, ससा आला, तरी हा पठ्ठ्या दोरीला वळसा घालून पळायचा. माझ्या वर्गात असा एक जरी विद्यार्थी मिळाला असता तर मी समाधानाने निवृत्त झालो असतो.

रविवारी परत आले की चाची उंबऱ्यात उभ्या राहून तीन प्रश्न विचारत. "जेवला का? नमाज चुकली का? कुत्रं दोरीच्या आत आलं का?" चाचा ओळीने उत्तरं देत, "जेवलो. न्हाई. न्हाई." मगच पाय धुवायला पाणी मिळे.

मी त्यांच्याबरोबर जाऊ लागलो तो बायकोच्या आग्रहाने. "जन्मभर डोंगर-नद्या शिकवताय, एकदा बघून तरी या," असं ती म्हणाली. पहिल्याच खेपेला आम्ही एका कॅम्पवाल्याकडे उतरलो. त्याचे तंबू चाचांनीच शिवलेले. फाटकावर पाटी होती, 'पाळीव प्राण्यांचे स्वागत'. शेजारच्या तंबूत पुण्याचं एक कुटुंब होतं. त्यांच्या कुत्र्याच्या पायात मोजे होते आणि झोपायला स्वतंत्र गादी. त्या बाईंनी दोऱ्याच्या बरगड्या पाहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

"काका, तुम्ही याला काही खायला घालता की नाही?"

"घालतो की. सकाळी भाकरी, रातच्याला भाकरी. त्यो पळतो बाई. तुमचा बसतो."

"आणि बाहेर का ठेवलाय बिचाऱ्याला? आमचा तर आमच्या पांघरुणात झोपतो."

"म्या बी त्याला म्हनलं आत ये," चाचा म्हणाले. "त्यो म्हनला, आत गुर्जींच्या पायमोज्याचा वास लय मारतोय."

मी खजील होऊन पायमोजे बदलायला गेलो. परत आलो तर त्या बाई दोऱ्याला कोंबडीचे तुकडे भरवत होत्या आणि चाचा त्यांच्या कुत्र्याच्या गादीची शिवण उसवून कशी चुकली आहे ते त्यांच्या नवऱ्याला दाखवत होते. "टाका बसला का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा तो गृहस्थ "हो, बसला," म्हणाला. हा प्रश्न परगावच्या माणसालाही कळतो हे मला तेव्हा समजलं.

आता माझा पराक्रम.

दुसऱ्या खेपेला मी स्वतःचा तंबू स्वतः उभारायचं ठरवलं. चाचा म्हणाले, "गुर्जी, तंबूचं तोंड फिरवा. सांजचं वारं डोंगराकडनं येतंय." मी हसलो. दिवसा वारे दरीतून डोंगराकडे वाहतात, हे मी वीस वर्षं शिकवतोय. सूर्य मावळल्यावर हेच वारे उलटे फिरतात, हेही शिकवतोय. दरवर्षी त्यावर पाच गुणांचा प्रश्न काढतो. पण त्या संध्याकाळी पहिला अर्धा भागच माझ्या लक्षात होता. सूर्य टेकला, वारं फिरलं आणि माझा तंबू फुग्यासारखा फुगून पाण्याच्या दिशेने चालू लागला. चाचा पाण्याकाठी हातपाय धूत होते. मी धावलो, तंबू बांधायला काहीतरी हवं म्हणून इकडेतिकडे पाहिलं, आणि समोर गवतावर एक छान पांढरी दोरी गोल पडलेली दिसली.

तंबू वाचला. मी मोठ्या अभिमानाने मागे वळलो तर चाचा ओल्या हातांनी परत आलेले. त्यांच्या तंबूच्या दारात, थेट आत, पुढचे पाय जुळवून दोरा बसला होता. त्याचा तरी काय दोष? हद्दच उचलली गेली होती. घर कुठे सुरू होतं हे त्याला दोरीवरून कळायचं, आणि दोरी मी नेली होती.

रविवारी परतताना मी टेम्पोत चाचांना कायदा समजावून सांगितला. "चाची विचारणार, कुत्रं दोरीच्या आत आलं का. दोरी नव्हतीच. मग आत कसं येईल? तुम्ही नाही म्हणा, ते खरंच होईल."

चाचांनी टेम्पो बाजूला घेऊन थांबवला. "गुर्जी, असली शिवन वरनं सरळ दिसती. मागनं बघितलं की सगळं धागं लोंबत्यात." आणि टेम्पो पुन्हा सुरू केला.

उंबऱ्यात प्रश्न झाले. जेवलो. न्हाई. आणि तिसऱ्याला चाचा म्हणाले, "आलं." मी पुढे होऊन म्हणालो, "चाची, दोरी मी उचलली. चूक माझी आहे." चाचीने माझ्याकडे पाहिलं, आमच्या शाळेचे मुख्याध्यापक माझ्या वार्षिक नियोजनाकडे बघतात तसं. मग चाचांना म्हणाल्या, "शब्द हाय."

"हाय," चाचा म्हणाले. "धनगर गावला की देतो."

हे साधं उत्तर होतं. ते देताना त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकतो. त्यांनी त्याच दिवशी धनगराला फोन लावला. नंबर बंद होता. दुसऱ्यांदा लावायला कोणी सांगितलं नव्हतं.

मग शनिवार आला. धनगराला शोधायला जायला हवं होतं. शोधायला गेल्यावर मुक्काम पडणार, तर तंबू हवेत. धनगर सापडला तर लगेच देता यावा म्हणून कुत्राही बरोबर हवा. अशा रीतीने आम्ही पूर्वीसारखेच निघालो, फक्त आता कर्तव्यावर.

इथे माझ्या शिक्षणाचा जन्मात पहिल्यांदा उपयोग झाला. मेंढरं घेऊन धनगर दिवाळीनंतर घाटाकडे, पुढे कोकणात उतरतात आणि पावसाळ्याआधी पूर्वेला आपल्या माळरानाकडे परततात. मी भिंतीवरचा नकाशा खाली काढला आणि वेळापत्रक आखलं. धनगर पश्चिमेला असतील त्या महिन्यांत आम्ही पूर्वेला शोधायचं, ते पूर्वेला आले की पश्चिमेला. "म्हंजे कसं," चाचा नकाशाकडे बघत गंभीरपणे म्हणाले, "सगळीकडं बगून हुईल." त्यांनी मला कधी विचारलं नाही की आज धनगर इकडे असेल का. मीही सांगितलं नाही.

तीन वर्षं आम्ही त्याला शोधलं. हिवाळ्यात आटपाडीच्या माळावर, जिथे त्या दिवसांत मेंढी औषधालाही नसते. पावसाळ्यात घाटमाथ्यावर, जिथे आमच्याशिवाय कोणी नसे. चाचा भेटेल त्या माणसाला प्रामाणिकपणे विचारत, "एक धनगर बगितला का, उजव्या कानात बाळी?" लोक म्हणत, "ह्या दिवसात? येडं का खुळं!" दोरा पळायचा, आम्ही चहा करायचो. चाचीच्या प्रश्नांत आता चौथा वाढला होता. "धनगर गावला का?" आणि चाचा नजरेला नजर देऊन सांगत, "न्हाई." बायको मला म्हणायची, "एका माणसाला शोधायला तीन वर्षं? आणि भूगोलाचा शिक्षक बरोबर असताना?" मी म्हणायचो, "म्हणूनच."

मग एके वर्षी अवकाळी पावसाने सगळं विस्कटलं. मार्चमध्येच घाटाखाली गारा पडल्या आणि माझ्या वेळापत्रकाला न विचारता मेंढरं महिनाभर आधी मागे फिरली. आम्ही कोरेगावच्या बाजूला एका ओढ्याकाठी तंबू टाकायला गेलो. पलीकडच्या ऊसतोड झालेल्या रानात शेतकऱ्याने खतासाठी मेंढरं बसवली होती. बांधावर कानात बाळी घातलेला माणूस उभा. त्याच्या पालावरची ताडपत्री चाचांनी शंभर पावलांवरून ओळखली. टाका त्यांचाच होता.

"गुर्जी," ते हळूच म्हणाले, "ह्यो हितं कसा?"

मी नकाशा उघडला. नकाशात त्याचं उत्तर नव्हतं.

धनगर आनंदाने पुढे आला. "चाचा! लय दिसांनी! आन ह्ये त्ये पिल्लू का? काय उंच झालंय!"

चाचांनी सगळी हकीकत सांगितली, शब्दासकट. धनगर डोकं खाजवत राहिला. "ऱ्हाऊ द्या की तुमच्याकडंच. भाकरी खाऊन खेळलेलं कुत्रं, मला मेंढरामागं काय कामाचं?" मी त्याच्याकडे अशा नजरेने बघत होतो की दगडालाही कळावं. "ऱ्हाऊ द्या," तो पुन्हा म्हणाला.

"गावलास न्हवं?" चाचा म्हणाले. "मग आता घे."

त्यांनी टेम्पोतून खिडकीचा तंबू काढला आणि पालाशेजारी उभा केला. मग पांढरी दोरी काढली, धनगराच्या पालाभोवती गोल अंथरली. दोऱ्याकडे न बघता म्हणाले, "हद्द." दोरा दोरीला नाक टेकवून बसला. आम्ही निघालो. मी आरशात पाहिलं. तो उठला नाही. त्याला शिकवलंच होतं तसं.

वाटेत चाचांनी एकदाच तोंड उघडलं. "तुमचं वेळापत्रक चुकलं, गुर्जी." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

उंबऱ्यात चाची. "जेवला का?" "न्हाई." पहिल्याच प्रश्नाचं उत्तर बदललेलं. "नमाज चुकली का?" "न्हाई." तिसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही. टेम्पोच्या मागे नजर गेली होती. "धनगर गावला का?"

"गावला."

चाची आत गेल्या. पाय धुवायला पाणी आलं नाही, चाचांनीही मागितलं नाही.

तो आठवडा मी जिन्यावरून पाहिला. चाचांनी एका ट्रॉलीची ताडपत्री दोनदा उलटी शिवली. खिळ्यावरचा सदरा-पायजमा तसाच होता. आणि रोज संध्याकाळी चाची भाकरीचा तुकडा घेऊन उंबऱ्यावर येत. चार वर्षं त्यांनी त्या कुत्र्याला हात लावला नव्हता. भाकरी लांबून फेकत आणि वर "हाड!" म्हणत. आता त्या भाकरी हातात घेऊन उभ्या राहत, साखळीकडे बघत, आणि पुन्हा आत जात.

शनिवारी दुपारी खालून हाक आली. "गुर्जी, वाईच खाली या."

चाचा मशीनवर होते. चाचीने त्यांच्यासमोर जेवणाचा डबा ठेवला, नेहमीपेक्षा मोठा, आणि वर फडक्यात बांधलेल्या चार भाकरी. "जावा," त्या म्हणाल्या. "दुकानाम्होरं राखन न्हाई, माजा डोळा लागंना. घिऊन या त्याला."

चाचांनी मशीन थांबवलं. "शब्द?"

"शब्द द्यायचा हुता, दिला. पुरा झाला. आता नवा शब्द. पडवीपत्तूर येऊ दे. दोरी तिकडंच सोडा, मेंढरास्नी उपेगी पडंल. उंबऱ्याच्या आत मातर..." एवढं बोलून त्यांनी वाक्य तसंच सोडून दिलं.

मी उत्साहाने म्हणालो, "मी नकाशा घेऊन येतो. ते आता कुठे सरकले असतील याचा अंदाज—"

"तुमी नगं," चाची म्हणाल्या. "तीन वरसं नकाशा घिऊन हिंडला, तुमास्नी धनगर गावला न्हाई." त्यांनी कमरेची पिशवी उघडली, चुरगाळलेला कागद काढला आणि चाचांच्या मशीनवर ठेवला. त्यावर फोन नंबर होता. "सकाळीच बोलनं झालंय. ओढ्याच्या वरल्या अंगाला हायती. कुत्रं जेवत न्हाई म्हनं."

चाचांनी कागद उचलला. "ह्यो नंबर कवा मिळाला तुला?"

"त्याची बायको दर सालाला हितल्या बाजारात येती की, लोकर विकायला. तीन वरसं भेटती मला. चा पिऊन जाती."

"तीन वरसं?" चाचा म्हणाले. "आन बोलली न्हाईस?"

"मला कुनी इचारलं?" चाची म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. माझ्या हातात अजून खोलीची किल्ली होती, आणि बहुधा तोंड उघडं होतं.

"टाका बसला का, गुर्जी?"